तबकडीचा फोन आणि आपली मराठी



ज्या शाळेत आपण बाराखडी गिरवली त्याच शाळेच्या सभागृहात, ज्यांनी ती गिरवून घेतली त्या गुरुजनांच्या स्मरणार्थ चार शब्द बोलावयास मिळावेत, हे भाग्य मी माझ्या पदवीहून मोठे मानतो. ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हांला मराठी शिकवीत. परंतु गणिताचे शिक्षक रजेवर असले, की तो तास ते आपणहून मागून घेत आणि आमच्याकडून पावकी, निमकी, दिडकी म्हणवून घेत. "मराठीच्या मास्तराने पाढे का घ्यावेत?" असे एकाने धिटाईने विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "अरे, पाढे हेसुद्धा मराठीच आहे." त्या वेळी आम्ही हसलो होतो. त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उशिराची कबुली आहे.

विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय नाही, शाहिरी नाही, नाटक नाही. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने बोलावे ते टेलिफोनवर, आणि तेही आता मोडीत निघालेल्या, तबकडी फिरवावयाच्या काळ्या फोनवर! परंतु भाषेचा इतिहास केवळ ग्रंथांत नसतो. एखादी परकी वस्तू घरात येते, तिच्याभोवती शब्द जमतात, वस्तू निघून जाते, आणि शब्दांपैकी काही तिच्याबरोबर जातात तर काही मागे राहतात. कोणते गेले आणि कोणते राहिले हे पाहिले, की भाषेचे बळ कोठे आहे आणि तिला गळती कोठे लागली आहे, हे दोन्ही कळते. या पाहणीसाठी तबकडीच्या फोनइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे आढळले नाही. कारण त्याचा जन्म आपणांस ठाऊक आहे आणि त्याचा अंत आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे.

१. यंत्राची कथा

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याला टेलिफोनचे एकस्व मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. त्यानंतर सहा वर्षे होतात न होतात तोच, जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी अवघे ९३ वर्गणीदार होते. या पहिल्या काळातील फोनला तबकडी नव्हती. रिसीव्हर उचलावयाचा, केंद्रातील ऑपरेटरला हवा तो क्रमांक सांगावयाचा, आणि त्याने वा तिने हाताने जोडणी करून द्यावयाची, अशी रीत होती. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये आणखी एक माणूस बसलेला असे.

हा मधला माणूस काढून टाकण्याची युक्ती अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाने काढली. तो अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करी. गावातील ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, अशा संशयाने पेटून त्याने हा शोध लावला, असे सांगितले जाते. गोष्ट कितपत खरी हे बाजूला ठेवू. १८९१ साली त्याला एकस्व मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे पहिले स्वयंचलित केंद्र सुरू झाले, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे. बोट घालून फिरवावयाची चकती त्यानंतर काही वर्षांनी, त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून आली. हिंदुस्थानात असे स्वयंचलित केंद्र प्रथम झाले ते सिमल्यास, १९१३-१४च्या सुमारास, सातशे जोडण्यांचे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात मिळून ऐंशी हजारांच्या आसपास टेलिफोन होते. आज एखाद्या मध्यम शहराच्या दोन-चार उपनगरांत याहून अधिक मोबाइल सापडतील.

तरुण श्रोत्यांसाठी तबकडीचे काम थोडक्यात सांगतो. तबकडीला दहा भोके असत. हव्या त्या अंकाच्या भोकात बोट घालून ती उजवीकडे, लोखंडी अडसरापर्यंत ओढावयाची आणि सोडून द्यावयाची. आतली स्प्रिंग तिला ठरावीक गतीने परत आणी, आणि खरे काम होई ते परत येताना. 'एक' फिरविला तर तारेतील प्रवाह एकदा खंडित होई, 'पाच' फिरविला तर पाच वेळा, आणि 'शून्य' फिरविले तर दहा वेळा. साधारणपणे सेकंदाला दहा असे हे ठोके असत. केंद्रातील यंत्र ते मोजी आणि त्याप्रमाणे जोडणी करी. म्हणजे तबकडीचा फोन हे खरोखर एक मोजणारे यंत्र होते. त्याला शब्द कळत नव्हते, अंकच कळत होते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

२. नावाचा प्रश्न

परकी वस्तू आली की मराठी माणूस प्रथम तिच्या नावाचा विचार करतो. ही आपली जुनी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तो याच वृत्तीने. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा अनेक भाषांचा राज्यव्यवहाराचा कोश निघाला तोही याच वृत्तीने. 'दूरध्वनी' या शब्दाचे श्रेय सामान्यतः स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या उपक्रमाला दिले जाते. शब्द बांधेसूद आहे. मूळ ग्रीक शब्दात 'टेले' म्हणजे दूर आणि 'फोने' म्हणजे आवाज. त्याचे हे घटकशः रूपांतर आहे.

आता आपल्या बेळगावच्या बाजारपेठेतील पाट्या आठवा. मराठी पाटीवर 'दूरध्वनी', कन्नड पाटीवर 'दूरवाणी', आणि केंद्र सरकारच्या कचेरीवरील हिंदी पाटीवर 'दूरभाष'. तिन्ही शब्द संस्कृत, तिन्हींचा आरंभ 'दूर'ने. पाटी कोणत्या भाषेत असावी यासाठी या सीमाभागाने १९५६ नंतर काय काय सोसले, हे या सभागृहात सांगावयास नको. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते सोसलेले आहे. परंतु भाषेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या तीन पाट्यांखालून जाणारी तिन्ही भाषांची माणसे तोंडाने एकच शब्द उच्चारीत होती : फोन. सरकारनेही १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी जी कंपनी काढली तिचे नाव ठेवले महानगर टेलिफोन निगम. 'महानगर' आणि 'निगम' संस्कृत. मधला 'टेलिफोन' जिथल्या तिथे.

म्हणून 'दूरध्वनी' फसला असे मी म्हणणार नाही. निमंत्रणपत्रिका, पत्राचा मथळा, वृत्तपत्रातील बातमी येथे तो मानाने राहिला, आणि पुढे मोबाइल आला तेव्हा त्याच्याच घराण्यात 'भ्रमणध्वनी'चा जन्म झाला. ज्या शब्दाला संतती होते तो वांझ नव्हे. परंतु तो लिहिण्याचा शब्द राहिला, बोलण्याचा झाला नाही.

गंमत अशी, की या फोनच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाला मराठीने जो शब्द दिला तो कोणत्याही समितीने घडविलेला नव्हता. 'तबकडी' हा तो शब्द. 'तबक' हे मूळचे अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेले आणि पानसुपारीच्या निमित्ताने घरोघर रुळलेले. त्याला 'डी' हा आपला लघुत्वदर्शक प्रत्यय लागला. ग्रामोफोनची ती तबकडी, फोनची ती तबकडी, आणि आकाशातून येते असे म्हणतात तीही उडती तबकडी. दारावर संस्कृत 'दूरध्वनी'ची पाटी लावून आत फारसी तबक फिरत होते, आणि ते कोणालाही खटकले नाही. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. एकाच विद्वानाने दोन्ही कामे हाती घ्यावीत, यातच या प्रश्नाची गुंतागुंत दिसते.

३. क्रियापदांचे राज्य

नामावर वाद चालू असताना क्रियापदे मात्र मुकाट्याने आपले काम करीत होती. मला आज जे मुख्यतः सांगावयाचे आहे त्याचा पहिला अर्धा भाग हा आहे : परके नाम घरात आले तरी त्याला चालविणारी क्रियापदे मराठीच होती.

'फोन लागणे' हा प्रयोग घ्या. मराठीत दिवा लागतो, तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, शाळेची घंटा झाली की वर्ग लागतो. या 'लागणे'च्या पोटात फोन तीन वेळा शिरला. प्रथम फोनसाठी 'नंबर लावावा' लागे, म्हणजे प्रतीक्षायादीत नाव घालावे लागे. ही प्रतीक्षा पुष्कळदा वर्षांच्या हिशेबाने असे. मुलाच्या मुंजीच्या वेळी अर्ज केला आणि लग्नाच्या वेळी फोन आला, असे विनोदाने म्हणत. मग एके दिवशी तारवाले येऊन घरी 'फोन लागे', म्हणजे जोडणी मिळे. आणि त्यानंतर रोज तबकडी फिरवून फिरवून बोट दुखू लागल्यावर एकदाचा 'फोन लागे', म्हणजे पलीकडे घंटा वाजे. एका क्रियापदाने अर्ज, जोडणी आणि संभाषण या तिन्ही पायऱ्या सांभाळल्या.

याहून लक्षणीय गोष्ट आमच्या सीमाभागातील आहे. येथील कन्नड शेजारी 'फोन हच्चु' असे म्हणतात. 'हच्चु' म्हणजे लावणे. दिवा लावण्यालाही तेच क्रियापद, फोन लावण्यालाही तेच. 'दूरध्वनी' आणि 'दूरवाणी' या पाट्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या, तेव्हा 'लावणे' आणि 'हच्चु' ही क्रियापदे शेजारधर्म पाळीत एकाच कल्पनेने चालली होती. यात कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न मला गौण वाटतो. शेकडो वर्षे एका आडावर पाणी भरणाऱ्यांचे असेच होते.

'उचलणे' आणि 'ठेवणे' ही जोडी पाहा. जड काळा रिसीव्हर खरोखर उचलावा लागे आणि काम झाल्यावर तो खुंट्यांवर ठेवावा लागे. नीट ठेवला नाही तर दिवसभर फोन 'एंगेज' राही आणि घरात बोलणी बसत. आज हातातल्या काचेवर बोट टेकविले की संभाषण संपते. ठेवण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही माझी नात म्हणते, "आजोबा, ठेवते हं." वस्तू गेली, कृती गेली, क्रियापद राहिले.

आणि 'फिरवणे'? तबकडी गेल्यावर हे क्रियापद सर्वांआधी जावयास हवे होते. बटणांचे फोन आले तेव्हाही काही वर्षे लोक "नंबर फिरव" असेच म्हणत. त्या फोनांच्या बुडाशी एक छोटी कळ असे, 'पी' आणि 'टी' अशी. 'पी'वर ठेवली की बटण दाबूनही तारेत जुन्या तबकडीचेच ठोके जात. जणू यंत्रालाही जुनी सवय सोडवत नव्हती. पुढे साध्या माणसाच्या तोंडून 'नंबर फिरवणे' हळूहळू कमी झाले. परंतु वृत्तपत्रात पाहा : पुढारी आजही अधिकाऱ्याला 'फोन फिरवतो'. येथे अर्थ पालटला आहे. 'सूत्रे फिरवणे'च्या शेजारी बसून 'फोन फिरवणे' म्हणजे वजन वापरणे असे झाले. सामान्य माणूस फोन लावतो. फिरवतो तो वजनदार माणूस. तबकडी नष्ट झाली आणि तिचे क्रियापद वाक्प्रचार बनून राजकारणात गेले.

४. ट्रंक, लायटनिंग आणि पी.पी.

इंग्रजी शब्द आले तेही जसेच्या तसे राहिले नाहीत. 'ट्रंक कॉल'मधील ट्रंक म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून मुख्य मार्ग, दोन गावांमधील मुख्य तार. आम्हां मुलांना मात्र ट्रंक एकच ठाऊक होती, कपड्यांची लोखंडी. परगावचा फोन त्या पेटीतून येत असावा, अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. कॉल आधी नोंदवावा लागे, आणि मग घरातल्या एकाने फोनपाशी बसून राहावे लागे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे चढत्या दराचे प्रकार होते. 'लायटनिंग' हा शब्द घरात उच्चारला गेला की बायका देवापुढे दिवा लावीत. कारण विजेच्या वेगाने येणारी बातमी सहसा बरी नसे. तोवर हे काम 'तार' या शब्दाकडे होते. 'तार आली' याचा अर्थ काय, हे विचारावे लागत नसे. तारसेवा २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली आणि 'तार' पुन्हा केवळ कपडे वाळत घालण्याची झाली.

सर्वांत रंजक प्रवास 'पी.पी.' या अक्षरांचा. ट्रंक कॉल नोंदविताना ठरावीक व्यक्तीशीच बोलावयाचे असेल तर तो 'पर्टिक्युलर पर्सन' कॉल. त्याचे हे संक्षिप्त रूप. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्रावर छापला आणि कंसात लिहिले 'पी.पी.' हळूहळू मूळ अर्थ कोणाला आठवेनासा झाला आणि 'पी.पी. नंबर' म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असा अर्थ रूढ झाला. इंग्रजी कोशात हा अर्थ सापडावयाचा नाही. तो आपल्या चाळींनी, वाड्यांनी आणि गल्ल्यांनी घडविला. त्यात एक समाजव्यवस्था होती. शेजाऱ्याने हाक मारावी, आपण हातातले काम टाकून धावावे, त्यांच्या ओसरीवर उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आपले खाजगी बोलावे, आणि जाताना "येतो हं" म्हणावे.

दूर अंतराचा फोन ऑपरेटरविना लावण्याची सोय देशात प्रथम झाली ती १९६० साली, कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये. ही 'सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग', म्हणजे आपली एस.टी.डी. तिने शहरांना सांकेतिक क्रमांक दिले. तबकडीवर ते फिरविणे म्हणजे काय, हे ठोके मोजून पाहा. मुंबईच्या ०२२ ला चौदा ठोके; आमच्या बेळगावच्या ०८३१ ला बावीस. आपण मुंबईला जितक्या लवकर गाठत होतो तितक्या लवकर मुंबई आपणांस गाठत नव्हती, असे मी गमतीने म्हणे. या क्रमांकांनी काढलेला नकाशाही पाहण्यासारखा आहे. बेळगाव ०८३१ आणि शेजारी गोवा ०८३२. बडोदा ०२६५, मुंबई-कोल्हापुराप्रमाणे 'दोन'च्या घरात. इंदूर ०७३१, ग्वाल्हेर ०७५१ आणि नागपूर ०७१२, ही तिन्ही 'सात'च्या घरात. राज्यांच्या सीमा एक सांगत होत्या आणि तबकडी दुसरेच नातेसंबंध सांगत होती. आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची. ग्रामीण भागासाठी भारतीय अभियंत्यांनी घडविलेले छोटे इलेक्ट्रॉनिक केंद्र १९८६ साली प्रथम बसले ते राणी चन्नम्माच्या कित्तूरला. तबकडीच्या युगाचा शेवट करणारी एक पायरी आपल्याच अंगणात बांधली गेली.

५. "कोण बोलतंय?"

फोनवरचे पहिले उद्गार 'हॅलो' असावेत असा आग्रह एडिसनने १८७७ साली धरला. बेलला खलाशांचे 'अहॉय' अधिक आवडे. एडिसनचा शब्द जगभर गेला आणि आपल्याकडेही आला. परंतु 'हॅलो' झाल्याबरोबर मराठी माणूस आपल्या व्याकरणावर येतो आणि विचारतो, "कोण बोलतंय?"

या प्रश्नातील नपुंसकलिंग पाहावे. पलीकडे पुरुष की स्त्री, वडील की धाकटे, काहीच ठाऊक नाही. मग मराठी हाताशी असलेले तिसरे लिंग पुढे करते. ही सोय फोनसाठी निर्माण झालेली नाही. रात्री दारावर थाप पडली की आपली आजी आतून "कोण आलंय?" असेच विचारी. फोनच्या तारेला मराठीने दार मानले आणि दारावरचा प्रश्न तेथे नेऊन ठेवला. उत्तरही तसेच. आपण "मी अमुक आहे" असे म्हणत नाही. "मी अमुक बोलतोय" असे म्हणतो. दिसत नाही त्याचे 'असणे' सांगण्यात अर्थ नाही. ऐकू येते त्याचे 'बोलणे' तेवढे खरे.

मी पुण्यास शिकावयास गेलो तेव्हाची आठवण आहे. आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीतील अडत दुकानाचा नंबर हाच आमचा पी.पी. एकदा मी ट्रंक कॉल नोंदविला आणि दोन-अडीच तासांनी तो लागला. दुकानातल्या मुलाने आईला बोलावून आणले. तिने आयुष्यात प्रथमच रिसीव्हर हाती धरला असावा. ती म्हणाली, "कोण बोलतंय?" मी म्हणालो, "आई, मी बोलतोय." ती म्हणाली, "मी म्हणजे कोण?" मी नाव सांगितले. थोडा वेळ काही बोलणे झाले नाही. मग ती बेतानेच म्हणाली, "अरे, आवाज किती लांबून येतोय तुझा." तीन मिनिटे संपली आणि ऑपरेटरने तसे सांगितले. पुढे मी भाषाशास्त्राची पुष्कळ पुस्तके वाचली. परंतु 'दूरध्वनी' या शब्दाची व्याख्या मला कोणी दिली असेल, तर ती चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने, हा शब्द न वापरता.

६. अंकांची गळती

आता उत्तरार्ध. नामावर आपण वाद घातला, क्रियापदे आपोआप टिकली, आणि हे सर्व चालू असताना एका तिसऱ्या दाराने गळती लागली. तिकडे आपले लक्ष गेले नाही. ते दार अंकांचे.

मराठीत दोन अंकी संख्या सांगताना आपण एकक आधी सांगतो. सत्तावन्नमध्ये सात आधी, पन्नास नंतर. तबकडीला मात्र पाच आधी हवा. त्या अडत दुकानातून मी एकदा वडिलांसाठी फोन लावीत होतो. त्यांनी मागून नंबर सांगितला, शेवट "सत्तावन्न" असा. मी सात फिरविला, मग पाच. फोन भलत्याच घरी गेला. दुसऱ्यांदा तेच. दुकानाचे कन्नडभाषी मालक गादीवरून हसून म्हणाले, "तुझ्या मराठीत उलटं आहे बाळ. ऐवत्तेळु म्हण, चुकणार नाहीस." कन्नडात पन्नास आधी आणि सात नंतर येतात. मी मनात कन्नड म्हटले, बोटाने पाच-सात फिरविले, आणि वडील मराठीत बोलले. त्या दिवसापासून शेजाऱ्याच्या भाषेविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्याला कोणत्याही वादाने धक्का लागलेला नाही.

परंतु बहुतेक मराठी घरांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली. ऑपरेटरशी बोलताना इंग्रजी अंक वापरावे लागत. 'डबल टू', 'ट्रिपल फोर' ही भाषा तेथली. तीच घरात आली. फोनचा नंबर इंग्रजीत सांगावयाचा, अशी जणू रूढी पडली. जो गृहस्थ भाजीचा हिशेब मराठीत करी, तोही नंबर सांगताना "टू थ्री फाइव्ह" म्हणू लागला. मुले ऐकत होती. घरातील मुलांच्या कानांवर रोज पडणारी सर्वांत नियमित अंकमाला फोनची होती, आणि ती इंग्रजी होती. दोष एकट्या फोनचा नाही. शाळा, बाजार, कचेऱ्या यांचाही वाटा आहे. परंतु फोनने दाराची कडी काढली, असे मला वाटते.

आणि येथेच खेदाची गोष्ट आहे. तबकडी सत्तावन्न मागतच नव्हती. तिला लागत होते फक्त दहा शब्द : शून्य ते नऊ. "पाच, सात" असे सुटे सांगितले असते तर काहीही चुकले नसते. त्या दहा शब्दांत मराठीला काही कमी नव्हते. दोन सुटे, एकअक्षरी-दोनअक्षरी, ठसठशीत शब्द. 'फाइव्ह' आणि 'नाइन' फोनवर एकसारखे ऐकू येतात, 'पाच' आणि 'नऊ' कधीही येत नाहीत. यंत्राने आपल्याकडे इंग्रजी मागितली नव्हती. ती आपण आपणहून दिली. ज्या समाजाने पाट्यांवरील एका अक्षरासाठी झुंज घेतली, त्याने दहा अंक कसे दिले, हे त्याला स्वतःलाही कळले नाही.

याचे फळ आपण पाहतोच आहोत. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी रचना आली आणि मोठा वाद झाला. मुलांना जोडशब्द जड जातात, म्हणून सोपी वाट, असा तिच्यामागील विचार होता. त्या वादात मी दोन्ही बाजूंचे पुष्कळ वाचले. दाक्षिणात्य भाषांत तशीच रीत आहे, तेव्हा ती अशास्त्रीय म्हणता येणार नाही. माझा मराठी हात कन्नड अंकांनी सुधारला, हे मी आत्ताच सांगितले. परंतु एक प्रश्न राहतो. 'एकोणपन्नास' मुलांना जड का वाटू लागले? ते ऐकू येईनासे झाले म्हणून. जो शब्द कानावर पडत नाही तो पुस्तकात परकाच वाटणार.

गेल्या दिवाळीत माझी नात आली होती. माळ्यावरचा जुना काळा फोन मी तिला खेळावयास काढून दिला. तिने भोकात बोट घातले आणि दाबून पाहिले; फिरवावयाचे असते हे तिला सांगावे लागले. मग तबकडी परत येतानाचा तो करकर आवाज ऐकून ती हरखून गेली. मी म्हणालो, "आता सत्तावन्न लाव." ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, सत्तावन्न म्हणजे किती?" जी मुलगी रोज न चुकता "ठेवते हं" म्हणते, तिचा हा प्रश्न. क्रियापद तिच्यापर्यंत पोहोचले होते, अंक पोहोचला नव्हता.

तेव्हा मला सरांची पावकी-निमकी आठवली, आणि "पाढे हेसुद्धा मराठीच आहे" या वाक्याचा अर्थ लागला. आपण नामांची राखण केली. क्रियापदांना राखणीची गरज पडली नाही. ती रोजच्या तोंडात होती म्हणून जगली. अंक कोणाच्याच यादीत नव्हते. ते राखलेही नाहीत आणि बोललेही नाहीत.

या शाळेच्या शिक्षकवर्गाला माझी एकच विनंती आहे, आणि तिला खर्च नाही. पहिलीत येणाऱ्या मुलाला आपण स्वतःचे नाव आणि पत्ता सांगावयास शिकवितो. त्याबरोबर घरचा फोन नंबरही मराठीत सांगावयास शिकवावा. शून्य, नऊ, आठ, चार, असा सुटा सुटा. दहाच शब्द आहेत. ते रोज तोंडात राहिले तर सत्तावन्नची वाट पुन्हा सापडेल. आणि माजी विद्यार्थ्यांनी, आज घरी जाताना कोणी नंबर विचारला, तर तो एकदा मराठीत सांगून पाहावा. ऐकणारा क्षणभर थांबेल. त्याला पुन्हा सांगावे.